अथर्वची आत्या

प्रभावती शारजात आली ती सख्ख्या चुलतभावाच्या घरी, आणि आली मेड म्हणून. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या, आणि सगळा घोळ तिथूनच सुरू झाला.

देवरुखजवळच्या गावात तिला काकूनं वाढवलं, कारण आईबाप लहानपणीच गेले. सूर्यकांत काकूचा मुलगा, तिच्याहून सात वर्षांनी लहान. जन्म काकूनं दिला, पण तो मोठा झाला प्रभावतीच्या कडेवर. त्याला शाळेत सोडायचं, त्याचं नाक पुसायचं, कुणी मारलं तर त्याच्या वतीनं भांडायला जायचं, ही सगळी खाती तिच्याकडे. सातवीनंतर तिची शाळा सुटली. तो शिकत राहिला आणि इंजिनियर झाला. तिचं लग्न झालं, पण नवऱ्यानं तीन वर्षांत मुंबईला दुसरा संसार थाटला, आणि ती मंगळसूत्र गळ्यात ठेवूनच माहेरी परत आली. गावातल्या बाया पाठीमागे तिला 'टाकलेली' म्हणायच्या, तेही तिला ऐकू जाईल इतक्या आवाजात.

१९९५ साली सूर्यकांतचा फोन आला. "ताई, तू इकडे ये. अनुपमाला जॉब आहे, अवनी चार वर्षांची. परक्या बाईच्या हातात पोर कसं द्यायचं? तू घरची."

अडचण फक्त व्हिसाची होती. बहिणीसाठी मिळणं अवघड, मेडसाठी मिळत होता. आणि मेड नात्यातली असलेली चालत नव्हती. तेव्हा या बाईशी माझं कसलंही नातं नाही, असं सूर्यकांतनं शपथेवर लिहून दिलं. ती शारजाच्या रोल्ला भागातल्या त्याच्या फ्लॅटवर पोचली त्या दिवशी त्यानं तो कागद तिला वाचून दाखवला. "बघ, काय लिहिलंय! तू माझी कुणी लागत नाहीस!" दोघंही पोट धरून हसली. काकूला फोनवर हे सांगितलं तेव्हा ती मात्र हसली नाही. असलं अभद्र लिहायचं कशाला, एवढंच ती म्हणाली.

पहिलं वर्ष झकास गेलं. अवनी 'आत्या, आत्या' करत पदराला लोंबकळायची. भावजय अनुपमा ऑफिसातून आली की आयता गरम चहा मिळायचा आणि तीही प्रेमानं 'ताई' म्हणायची. एकच ताकीद होती. "बाहेर नात्याचं काही बोलू नका हं. कुणी कंप्लेंट केली तर फाइन, वर ह्यांच्या जॉबवर येईल." प्रभावतीला ते पटलं. भावाच्या नोकरीपुढे तिच्या नात्याचं काय एवढं! लिफ्टमध्ये कुणी भेटलं की ती आपणहून दोन पावलं मागे उभी राहू लागली.

भीती खरी होती, ते कबूल. पण भीती हळूहळू ओसरली आणि सोय तेवढी मागे उरली. त्या बिल्डिंगमधल्या इतर मराठी घरांत तासाभरापुरती बाई यायची, भांडी घासून जायची. सूर्यकांतकडे मात्र चोवीस तासांची, आणि तीही खास इंडियाहून आणलेली! बायका कौतुकानं विचारायच्या, आणि अनुपमा मान किंचित वर करून सांगायची, "ह्यांच्या गावाकडची आहे. एकदम ट्रस्टवर्दी." प्रभावती आत पोळ्या लाटत असायची. आपल्यामुळे भावाच्या घराचा भाव वधारलाय हे तिच्या लक्षात आलं, आणि वेडी त्याचाही आनंद मानून बसली. चारचौघांत तिची 'मावशी' झाली होती. दार लागलं की पुन्हा 'ताई'. भाऊबीजेला सूर्यकांत आधी दाराला कडी लावायचा आणि मग पाटावर बसायचा. तीही ओवाळायची. कडी लावून का होईना, भाऊ पाटावर बसतोय ना, असं तिचं म्हणणं.

सत्त्याण्णव साली अनुपमाला दुसरं मूल झालं. हॉस्पिटलातून सूर्यकांत घरी आला तो थेट स्वयंपाकघरात. "ताई, मुलगा! आणि ऐक, नाव तूच ठेवायचंस. अवनीच्या वेळी तू नव्हतीस. या वेळी आत्या घरात आहे."

तिला आणखी काय हवं होतं? आपल्याकडे बारशाला आत्याचा मान. बाळाच्या कानात नाव सांगायचं, 'कुर्र' करायचं आणि बाकीच्या बायकांचे धपाटे पाठीवर झेलायचे. स्वतःचं मूल नाही, नवरा असून नसल्यासारखा. आयुष्यात कुणी आपणहून हातात दिलेला हा एकच मान. नाव अनुपमानं पुस्तकात बघून काढलं होतं, अथर्व. प्रभावतीच्या जिभेला ते जड जायचं. बाळाची लंगोटी धुताना, तांदूळ निवडताना ती पुटपुटायची, अथर्व, अथर्व. काकूच्या मऊ झालेल्या जुन्या लुगड्याचा तुकडा तिनं बरोबर आणला होता, त्याची कुंची शिवली.

बाराव्या दिवशी नेमका शुक्रवार आला. सुट्टीचा वार, त्यामुळे पंचवीस-तीस माणसं जमली. सूर्यकांतचे साहेब शैलेंद्र दिवाण आणि त्यांच्या मिसेस रुपाली दुबईहून आले. सूर्यकांत तेव्हा दुबईतल्या रास अल खोरच्या गोदामात घाम गाळत होता, आणि तिथून उचलून त्याला ऑफिसात मॅनेजर करायचं की नाही हे या दिवाणांच्या हातात होतं. प्रभावती पहाटेपासून राबत होती. घुगऱ्या, सुंठवडा, तीस माणसांचा स्वयंपाक. अकराच्या सुमारास तिनं घाईघाईनं अंग धुतलं, मोरपंखी साडी नेसली, वेणीत गजरा घातला.

ती बाहेर आली तेव्हा पाळण्याभोवती बायका उभ्या होत्या. रुपाली दिवाण बाळाला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. "किती गोड आहे गं ही टोपी! इथे मिळाली?"

"नाही हो, आमच्या मेडनं शिवलीय," अनुपमा म्हणाली. "हात चांगला आहे तिचा."

प्रभावतीनं ते ऐकलं आणि गिळलं. लोकांसमोर असंच बोलायचं ठरलंय, असं तिनं मनाला सांगितलं. ती पाळण्याकडे सरकली. तेवढ्यात कुणीतरी विचारलं, "चला, आत्या कुठाय? आत्याला बोलवा!"

"There she is!" अवनी ओरडली. तिनं बोट थेट प्रभावतीकडे दाखवलं. "That's my aatya!"

सगळ्यांनी वळून पाहिलं. प्रभावतीनं पदर सावरला. अनुपमा हसली, अगदी सहज हसली. "अगं, ती लाडानं म्हणते तसं. सख्खी आत्या कुणी नाहीच ना इकडे. रुपालीताई, तुम्हीच व्हा आता अथर्वच्या आत्या. तुमच्यासारखी आत्या मिळायला भाग्य लागतं!"

प्रभावतीनं सूर्यकांतकडे पाहिलं. तो खिडकीपाशी दिवाणांशेजारी उभा होता. त्यानं सगळं ऐकलं होतं, कारण त्याचे कान लाल झाले होते. लहानपणी पाटी फोडून आला की असेच लाल व्हायचे. खोलीतलं एकूण एक माणूस मराठी, बाळाच्या बारशाला गोडधोड खायला आलेलं. त्यातला कोण उठून इमिग्रेशनमध्ये चुगली करणार होता? तरी तो बोलेल म्हणून ती थांबली. फार वेळ थांबली.

तो बोलला. "प्रभा, साहेबांना चहा आण जरा. यल्ला, पटकन."

ताई गेली होती, मावशीसुद्धा गेली होती. जन्मात त्यानं तिला नुसतं नावानं हाक मारली नव्हती. प्रभावती आत गेली. गॅस पेटवला, आधण ठेवलं. बाहेर एकदम हशा पिकला, रुपालीताईंच्या पाठीवर धपाटे पडले, 'कुर्र' झालं आणि टाळ्या वाजल्या. तिनं आठ कप भरले आणि ट्रे बाहेर नेला. एक थेंबसुद्धा सांडला नाही. बशी उचलताना दिवाण म्हणाले, "थँक यू, बाई." सबंध दिवसात तेवढं एकच माणूस तिच्याशी नीट बोललं. तिला मात्र त्याचाच जास्त राग आला.

पाहुणे गेले. सूर्यकांत स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. "ताई, समजून घे ना. प्रमोशनचं चाललंय. दिवाणांना कसं सांगू, बहीण घरात राबते म्हणून? आणि तू काय परकी आहेस? तू घरचीच."

"घरची," प्रभावती म्हणाली आणि कढई घासत राहिली. दोन वर्षं हा शब्द तिनं उराशी धरला होता. आता तो तिला नकोसा झाला.

संध्याकाळी फोन वाजला. शुक्रवारचा फोन काकू कधी चुकवायची नाही. गावातल्या वाण्याच्या दुकानात ती तासभर आधीच येऊन बसायची, आणि तिनं एकदा रिंग देऊन फोन ठेवला की मग सूर्यकांत उलट फोन करायचा. आज तिनं स्वतःच पैसे भरून लावला होता. सूर्यकांत दोन शब्द बोलला आणि घुटमळला. "हो आई, देतो." त्यानं रिसीव्हर प्रभावतीसमोर धरला. डोळ्यांनी हात जोडत होता.

"पोरी, नाव ठेवलंस ना गं?" काकूचा आवाज आनंदानं फुटत होता. "मी इथे आळीत साखर वाटली बघ. सगळ्यांना सांगितलं, आमच्या प्रभानं ठेवलं म्हणून. त्या टोमणे मारणाऱ्यांना आधी दिली. कानात कुर्र केलंस ना?"

साखर वाटून झाली होती. एक 'हो' म्हटलं असतं तर म्हातारी सुखानं घरी गेली असती. प्रभावतीनं तोंड उघडलंही. समोर सूर्यकांत मान हलवत होता, हो म्हण, हो म्हण. या पोरासाठी ती गावात किती खोटं बोलली होती! पाटी मीच फोडली, आंबे मीच पाडले. आज तिला ते जमेना.

"नाही काकू," ती म्हणाली. "नाव त्याच्या साहेबांच्या बायकोनं ठेवलं. मला पुढे येऊ दिलं नाही. मी चहा देत होते."

मग काकू म्हणाली, "त्याला दे."

प्रभावतीनं रिसीव्हर भावाच्या हातात ठेवला. म्हातारीचा आवाज त्यातून खोलीभर ऐकू येत होता. "सूर्या, अरे, कुणाच्या कडेवर वाढलास तू? सूर्या, बोल माझ्याशी!"

सूर्यकांतनं रिसीव्हर कानापासून जरा लांब धरला. "हॅलो? हॅलो, आई? आवाज येत नाहीये तुझा," असं म्हणून त्यानं फोन खाली ठेवला.