ट्रिम म्हणजे काय गं?

अगं मीनू, जरा कान इकडे कर. आजीला असं कोड्यात टाकून फोन ठेवतात का? "आजी, मोगरा ट्रिम कर," म्हणालीस, आणि वर हेही की या इंग्रजी शब्दाचा मूळ अर्थ कापणं नाहीच, बळकट करणं आहे. तेव्हापासून कात्री घेऊन मोगऱ्यापाशी जाते नि तशीच परत येते.

दर थंडीत तुझे आजोबाच छाटायचे. मी ओरडायचे, "अहो, बोडका केलात की!" ते नुसते हसायचे, आणि उन्हाळ्यात ओंजळभर फुलं माझ्याच पदरात टाकायचे. यंदा ते नाहीत. त्यांचा हात लागलेल्या फांद्या कापू की राखू? कापून बळ कसं येतं, मला काही उमगत नाही बाई.

थंडी सरायच्या आत ये. कात्री तू चालव, फांदी मी धरते.