विलासची बंद फियाट

धाटावच्या कंपनीत शिफ्ट करणाऱ्या विलासकडे स्वतःची स्कूटरसुद्धा नाही; पण रोह्याच्या घरात कपाटभर मोटारी. त्याही खोक्यांत! जुन्या काळच्या स्वस्त, घरगुती मोटारींच्या छोट्या प्रतिकृतींचे संच. प्लॅस्टिकचे सुटे भाग जोडायचे, रंगवायचे. हा जोडत नाही. न उघडलेल्या संचालाच शौकिनांत मान, म्हणे.

"घडी मोडल्याशिवाय साडी नेसता येते काय वो?" बायको सरू विचारते. तो खोक्यावरची धूळ पुसतो.

त्यातला लाडका संच फियाटचा. त्याच्या झाकणाचा कोपरा फाटला. सरूचा भाऊ भरत पेणला गणपतीच्या कारखान्यात रंगकाम करतो, कागद-खळीचं काम त्याच्या हातचं. विलासने खोका त्याला दिला, झाकण तेवढं चिकटवायला सांगितलं.

भरतने झाकण चिकटवलं. आत पाहिलं तर सगळा कच्चा माल! पेणमध्ये कच्ची मूर्ती पुढ्यात आली की ती रंगवूनच परत करतात; नुसत्या झाकणासाठी रंगाऱ्याकडे कोण येतं? रंगव म्हणायला भावोजी संकोचले असतील, असं त्याला वाटलं.

विलास घ्यायला गेला तर पाटावर, गणपतींच्या रांगेत, दुधी रंगाची फियाट उभी. पुढच्या दिव्यांची आखणी अशी, की गाडी बघतेय असं वाटावं.

मोडला की संच! ओरडायला विलासने तोंड उघडलं, पण तो वाकून काचेतून आत बघू लागला. मागची सीट तांबडी होती. इतकी वर्षं खोका जवळ, आणि गाडीला मागे सीट आहे हेच त्याला ठाऊक नाही!

"चुकलं काय भावोजी?" भरतचा चेहरा उतरला.

"नाय... व्हय... मला नाय कळत रे."

"दुसरे खोके आणा, तेपण करून देतो."

"नाय!" विलास एवढ्याने ओरडला की रंगवणाऱ्या बायकांचे हात थांबले.

आता फियाट टीव्हीशेजारी असते. विलास तिच्यावर रुमाल टाकतो, मग स्वतःच काढतो. परवा कपाटातून दुसरा खोका काढून मांडीवर घेऊन बसला होता, हातात झाकणाची चिकटपट्टी कापायला कात्री.

"कापताय की नाय? मला कात्री हवी हाय," सरू म्हणाली.

त्याने कात्री दिली नाही. कापलंही नाही.