गादीमास्तरांची पाठ आणि नवी खोळ

गाद्यांच्या त्या दुकानात एका गोष्टीबद्दल अवाक्षर काढायचं नाही असा दंडक होता, आणि ती गोष्ट म्हणजे मालकाची पाठ. न्हाव्याला टक्कल पडलं तरी लोक त्याच्यापुढे मान वाकवून बसतात. पण गादीवाल्याची पाठ दुखते म्हटलं, की गिऱ्हाईक आल्या पावली परत. म्हणून गादीमास्तर दुकानात काठी गिळल्यासारखे ताठ बसायचे. लोकांना वाटायचं, काय रुबाब आहे! रुबाब कसला? एकदा वाकलं तर परत सरळ होण्याची खात्री नव्हती.

दुखणं सुरू झालं जिन्यावर. मास्तर आणि त्यांचा मेहुणा दुहेरी गादी उतरवत होते, मास्तरांचा पाय सटकला, कमरेत कट्कन वाजलं आणि तळाशी मेहुणा, त्यावर गादी, गादीवर मास्तर असा थर लागला. मेहुणा दुसऱ्या दिवशी शीळ घालत कामावर हजर. मास्तर महिनाभर आडवे. त्यानंतर उभे राहिले, पण कळ काही गेली नाही. पाहुणी म्हणून आली आणि घरची होऊन बसली.

डॉक्टर करून झाले. पहिले डॉक्टर प्रत्येक वाक्याला शेपूट लावायचे. "फोटो काढू, काय? मणका जरा झिजलाय, काय? वयाने व्हायचंच, काय?" मास्तरांना वाटायचं आपल्यालाच विचारतायत, म्हणून ते दर वेळी "हो" म्हणायचे. असं हो हो करत त्यांनी आपला मणका झिजवून घेतला. त्या दिवसापासून 'झिजलाय' हा शब्द कमरेत जाऊन बसला. नुसतं खुर्चीवरून उठलं तरी आतून भुसा पडतोय असं वाटायचं.

दुसरे डॉक्टर 'आपण'वाले. "आपण वाकायचं नाही. आपण उचलायचं नाही. आपण जिना टाळायचा." यातले 'आपण' म्हणजे एकटे मास्तर. डॉक्टर स्वतः खाली पडलेलं पेन टुण्णकन उचलायचे आणि मास्तर त्यांच्याकडे असूयेने बघत राहायचे.

शेजारच्या काकू तर फुकटात यायच्या. "माझ्या आत्तेदिरांना अगदी हेच हो! इथूनच सुरुवात झाली."

"मग? आता कसे आहेत?"

"आता कुठले!"

काकू गेल्या की मास्तरांची 'आई गं' सुरू व्हायची. ती तीन मजली होती. तळमजल्यावर साधी, उठताबसता. पहिल्या मजल्यावर "आऽई गं", कूस बदलताना. आणि गच्चीवरची नुसतीच "आऽऽऽ", तिच्यात आईचं नाव घ्यायलाही दम उरायचा नाही. मास्तरीणबाई स्वयंपाकघरातून आवाजावरून मजला ओळखायच्या आणि त्याप्रमाणे गरम पाण्याची पिशवी आणायच्या किंवा नाही आणायच्या.

पण या सगळ्यापेक्षा जास्त दुखायचं ते मेहुण्याचं बोलणं. मास्तरीणबाईंचा हा धाकटा भाऊ दुकानात भागीदार होता आणि त्याच्या जिभेला हाड नव्हतं. "भाऊजींची पाठ फार हुशार. मालाचा ट्रक आला की दुखते, मॅच लागली की गप्प!"

वाईट हे, की ते खरं होतं. मॅच बघताना मास्तर दोन दोन तास कमरेला विसरायचे. ट्रकचा भोंगा नुसता कोपऱ्यावर वाजला तरी कमर धरायची. हे त्यांच्याही लक्षात आलं होतं आणि आतून पोखरत होतं. खरंच सोंग करतोय का आपण? आणि सोंग असेल तर एवढं दुखतं कसं? एकदा कुणीतरी शहाण्या माणसाने छातीठोकपणे सांगावं, की बाबा, तुझं दुखणं खरं आहे. बस्स, एवढीच त्यांची इच्छा होती.

शेवटी मास्तरांनी स्वतःची विद्या पणाला लावली. खाली काथ्या, मध्ये रबर, वर पिंजलेला कापूस, असे तीन थर घालून त्यांनी खास स्वतःसाठी गादी बनवली. वर करड्या रंगाची, निळ्या काठाची खोळ शिवली. खोळ म्हणजे गादीचा अंगरखा, आणि हा अंगरखा इतका देखणा होता की मास्तर त्यावरून हात फिरवत म्हणाले, "आता बघतोच ती कमर कशी दुखते."

गादी घरी पोचवण्याचं काम मेहुण्याकडे. घर तिसऱ्या मजल्यावर. मास्तर बँकेत गेलेले असताना एक घाईतलं गिऱ्हाईक आलं, त्याने नेमकी तीच गादी बघितली आणि उचलून नेली. मेहुण्याने विकली! आता भाऊजी आले की आपली गादी करणार, हे कळल्यावर तो बहिणीकडे धावला.

"ताई, वाचव. तसलंच कापड शिल्लक आहे दुकानात."

"अरे पण ते गादीवाले आहेत. अंग टेकताच कळेल."

"नाही कळणार. आणि तीन जिने गादी चढवायला लागणार नाही, बघ!"

या शेवटच्या मुद्द्यावर मास्तरीणबाई विरघळल्या. दोघांनी मिळून जुन्याच गादीवर, तिच्या लाल पट्ट्यांच्या खोळीसकट, करडी खोळ चढवली आणि टाके घातले.

मास्तर निजले. सकाळी उठले. मास्तरीणबाई कान देऊन उभ्या. तळमजला शांत. पहिला मजला शांत.

"काय म्हणते हो पाठ?"

"अगं, आहे की नाही तेच कळेना!"

आठवडाभरात मास्तर जिने उतरून दूध आणायला लागले. मग वाकून बुटांच्या नाड्या बांधायला लागले. मग तर ताळतंत्रच सुटलं. दुकानाचा दंडक मोडून गिऱ्हाइकांसमोर पाठीची कहाणी सुरू. "माझी पाठ म्हणजे गेलेली केस होती! आणि आता हे बघा!" असं म्हणून ते वाकून पायाच्या अंगठ्याला हात लावायचे. 'तसलीच' गादी मागायला रांग लागली. मेहुणा काउंटरमागे तोंडात रुमाल कोंबून बसायचा.

मागण्या वाढल्या तेव्हा मास्तरांना आठवेना, रबराचा थर नेमका किती जाड घातला होता. "त्यात काय, घरचीच उसवून बघतो." मेहुणा "नको नको, कशाला, मला आठवतंय" करत मागोमाग तीन जिने धावला. उशीर झाला होता. मास्तरांनी कात्रीने कडेचे टाके कापले, करडी खोळ मागे सारली आणि खालून लाल पट्टे दिसले.

मग मेहुण्याला राहवेना. तो फुटलाच. "भाऊजी! जुन्याच गादीवर बरे झालात! म्हणजे इतकी वर्षं नुसतं नाटक!"

मास्तर उठायला गेले आणि कमरेत अशी कळ आली की ते तिथेच, लाल पट्ट्यांवर, चतकोर होऊन बसले. कपाळावर घाम. तोंडातून गच्चीवरची 'आऽऽऽ' निघाली. मास्तरीणबाईंनी भावाच्या पाठीत असा धपाटा घातला की घरात दोन पाठी दुखायला लागल्या.

दुसऱ्या दिवशी मास्तर फिजिओबाईंकडे गेले. बाई म्हणजे एक तरतरीत तरुणी, बोलताना मध्येच "श्वास सोडा" म्हणायची सवय. मास्तरांनी सगळं सांगितलं आणि हात जोडले. "एकच सांगा. माझं दुखणं खरं की खोटं?"

"गादीवर बरं वाटलं ते खोटं होतं? श्वास सोडा."

"छे! नाड्या बांधल्या मी!"

"मग दुखणं कसं खोटं? हे बघा, घरात चोर शिरतो तेव्हा कुत्रं भुंकतं. तुमच्या जिन्यावर चोर आला होता. स्नायू दुखावला, तो केव्हाच भरून आला. चोर गेला, पण कुत्र्याच्या मनातली धास्ती नाही गेली. आता पान हललं तरी भुंकतं. कुणी 'झिजलाय' म्हटलं, भुंकलं. ट्रक आला, भुंकलं. झोप कमी झाली, मेहुणा बोलला, जास्त भुंकलं. तुमच्या नसा न् मेंदू मिळून हा आवाज करतात, आणि आवाज अगदी खरा असतो. कळ मेंदूत होते म्हणजे मनाने रचलेली नसते."

"आणि गादी?"

"नवी गादी आहे असं वाटलं, धास्ती गेली. झोपलात, चाललात, वाकलात. कुत्रं निवलं. काल धक्का बसला, परत उठलं. आपण त्याला हळूहळू शिकवू. काही दिवस भुंकेलही. श्वास सोडा."

मास्तरांनी सोडला. इतक्या वर्षांचा कोंडलेला होता, बराच वेळ निघत राहिला.

व्यायाम सुरू झाले. बरं वाटायचं, मग एखाद्या दिवशी परत धरायची. दुकानात 'ती' गादी मागणाऱ्यांना मास्तर सरळ सांगायला लागले, "गादी चांगली आहे, पण पाठ तिने बरी केली नाही. माझी अजून दुखते." काही गिऱ्हाइकं गेली. काही मात्र खुर्ची ओढून बसायची, "माझा गुडघा पण असाच हो", आणि तासभर हलायची नाहीत. मेहुणा हात चोळत बघत राहायचा. गादीही विकली जायची, त्यामुळे बोलायलाही जागा नाही.

घरी मात्र मास्तरीणबाईंनी त्याला बसवून फिजिओबाईंचं सगळं ऐकवलं होतं, श्वासासकट. तो "हं, हं" म्हणाला होता. पटलं की नाही, कळायला मार्ग नव्हता.

मग एक दिवस ट्रक आला. भोंगा वाजला, कमर वाजली. मास्तर उठले, व्यायामात शिकवल्यासारखे गुडघ्यात वाकले आणि दुहेरी गादीचं एक टोक धरलं. मेहुणा दुसऱ्या टोकाला. तो थबकला. टोमणा मारण्यासाठी तोंड उघडलं, आणि काय वाटलं कुणास ठाऊक, मिटलं.

"भाऊजी," तो हळू आवाजात म्हणाला, "दुखत असेल तर ठेवा हां. मी करतो."

इतक्या वर्षांत त्याने पहिल्यांदा 'दुखत असेल' म्हटलं होतं.

"दुखतंय," मास्तर म्हणाले. "उचल."