मुकी बोट

माझ्या मेव्हण्याइतका हेकट माणूस पुणे जिल्ह्यात दुसरा जन्मला नाही, आणि जन्मला असता तर दोघांना पुरेल एवढं धरण सरकारकडे नव्हतं. हा माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. खडकवासल्याच्या वरच्या अंगाला, पाण्यापलीकडे त्यांचं गाव. तीन बाजूंना पाणी, चौथीला डोंगर, म्हणजे बेटच म्हणा. गावाला जायचं तर लाँच, आणि लाँच म्हणजे हा. डिझेलची ती जुनी लाँच अशी ठणाणा करायची की शेजारच्याशी बोलायला हातवारे करावे लागत, आणि कोथरूडहून पांढरा सदरा घालून निघालेला जावई सासरी राखाडी होऊन पोचायचा. याला मात्र त्या आवाजाचा कोण अभिमान. न वाजणारं यंत्र आजारी असतं, हे त्याचं ठाम मत. आमच्या फ्लॅटवर आला की चहाआधी फ्रीजला कान लावायचा. शेजारणीच्या नव्या वॉशिंग मशीनबद्दल त्यानं "फार दिवस काढायची न्हाई" असं सांगितलं, तेव्हापासून बाईंनी माझ्याशी बोलणं टाकलं. लग्नाकार्याला डिझेलच्या वासावर अत्तर फासून यायचा. पेट्रोलपंपावर उदबत्ती लावल्यासारखं वाटायचं.

मागच्या वर्षी जुन्या लाँचा मोडीत काढून सगळीकडे एकसारख्या बॅटरीच्या बोटी द्यायचं ठरलं. सगळ्या पांढऱ्या, खुर्च्या निळ्या, धूर नाही, आवाज नाही. याला चालवायला बसवलं. यानं बटण दाबलं, काही वाजलं नाही, म्हणून परत दाबलं, परत दाबलं. बोट आपली चालू-बंद, चालू-बंद. बोट घेऊन आलेले सरकारी साहेब म्हणाले, "अहो, चालू झालीय ती."

"मग सांगत का न्हाई?" असं म्हणून हा उतरला आणि थेट कोथरूडला माझ्याकडे येऊन बसला.

आमची ही वारून तेव्हा फार दिवस झाले नव्हते. घरात आम्ही दोन बाप्ये, बोलायला विषय एकच, आणि तोच दोघं टाळत होतो. तिकडं गाव खोळंबलेलं. सोमवारी आला नाहीत तर दुसरा माणूस नेमू, असा साहेबांचा निरोप. नोकरी जायची वेळ, म्हणून मी त्याला फैलावर घेतलं. म्हटलं, सरकार आयुष्यात एकदा शहाणपणा करतंय तर तुला का खुपतंय? त्या खटाऱ्याची काय आरती ओवाळायची आहे?

तो म्हणाला, "बोट चांगलीच हाय, दाजी. पर बायांनी रडायचं कुठं?"

मी सातवीत शाळा सोडलेला माणूस, मला कळेना. मग त्यानं उलगडून सांगितलं. माहेरून निघालेली लेक धक्क्यावर हसून निरोप घेते आणि लाँचमध्ये इंजिनाशेजारी बसते. तिथं कितीही मोठ्यानं रडली तरी कुणाला ऐकू जात नाही. म्हणून ती जागा गावातला बाप्या धरत नाही.

"अक्का दर खेपेला तिथंच बसायची," तो म्हणाला.

आणि मी जन्मभर लोकांना सांगत आलो, आमची बायको कणखर, माहेरून निघताना कधी रडली नाही. डोळे लाल व्हायचे, ते धुरानं, असं ती म्हणायची. मला पटायचं. शंका घ्यायला अक्कल लागते.

सोमवारी तो कामावर गेला. पुढं मी हिच्या साड्या तिच्या भावजयीला द्यायला गावी गेलो. परतताना नवी बोट. इतकी शांत की शेजारच्याचा श्वास ऐकू यावा. कडेला एक सासरी निघालेली पोरगी खाली मान घालून बसलेली. धक्का सुटला तसं मेव्हण्यानं बटण दाबलं, आणि छतावरच्या भोंग्यातून एक बाई सूचना देऊ लागली: कृपया जीवरक्षक जाकीट घाला, कृपया उभे राहू नका. कान फाटतील असा आवाज. संपलं की पुन्हा पहिल्यापासून. सुरक्षेची एवढी काळजी घेणारा चालक दुसरा नाही, असं साहेब म्हणतात म्हणे.

निम्म्या पाण्यात पोरीनं नाक पुसलं, पदर सारखा केला. यानं भोंगा बंद केला. मग मागं वळून एकदा माझ्याकडं पाहिलं, माझ्या मांडीवरच्या रिकाम्या पिशवीकडं पाहिलं, आणि तोंड फिरवून बटण पुन्हा दाबलं.

प्रवाशांनी घाबरू नये, मदत जवळच आहे, असं ती बाई काठ येईपर्यंत बजावत राहिली. मी पाण्याकडं तोंड केलं.