काळुरामचा डिसमिस

निडीच्या काळुरामला इंग्रजी येत नव्हतं, असं म्हणणं अन्यायाचं होईल. रोह्याच्या एका रंगाच्या कारखान्यात फिटरचा हेल्पर म्हणून लागल्यापासून बोल्ट, नट, वॉशर आणि डिसमिस एवढं इंग्रजी त्याला पक्कं येत होतं. डिसमिस म्हणजे स्क्रू पिळायचा पेचकस. कारखान्यात सगळेच त्याला डिसमिस म्हणत. का म्हणतात, हे कुणी कुणाला विचारलं नव्हतं.

अठ्ठ्याहत्तर साली कारखान्यात नवे मॅनेजर आले. मराठी शून्य, शर्ट पांढराशुभ्र. रंगाच्या कारखान्यात पांढरा शर्ट घालणाऱ्या माणसाच्या डोक्याबद्दल कामगारांना पहिल्या दिवसापासून शंका होती. एके सकाळी काळुराम पंपाचं झाकण बसवत असताना साहेब वाकून पाहायला आले, झाकण सटकलं आणि साहेब कमरेपर्यंत हिरवे झाले.

"यू आर डिसमिस्ड!" साहेब ओरडले.

काळुरामला भरून आलं. एवढा रंग उडाला तरी हा बाबा स्क्रू आवळायचंच बोलतोय! तो धावत जाऊन डिसमिस घेऊन आला.

"डिसमिस्ड! डिसमिस्ड!"

दोनदा म्हणाले, म्हणून काळुराम आणखी दोन घेऊन आला. एक लहान, एक हातभर लांब. लांबड्याचं टोक आपल्याकडे रोखलेलं पाहून साहेब दोन पावलं मागे सरकले आणि ड्रमवर बसले. तो ड्रम लाल रंगाचा होता, आणि उघडा.

संध्याकाळी पत्र हातात पडलं. साहेबांची टिंगल केली, हत्यार दाखवून धमकावलं, सबब कामावरून काढलं आहे. मुंबईचे मोठे साहेब येऊन चौकशी करतील.

सहा वर्षं टेंपरवारी राहून गेल्याच दसऱ्याला काळुराम पर्मनंट झाला होता.

"अवो, मागितला तो आनून दिलात ना? मग काढलं कशाला?" बायको पुतळीनं विचारलं.

"त्येच कलत नाय गो."

पुतळीनं त्याला पेणला पिटाळलं, दिनानाथ गुरुजींकडे. निडीच्या शाळेत काळुरामला शिकवून, म्हणजे तसा प्रयत्न करून, गुरुजी पेणला घरी बसले होते. ओट्यावर शेजाऱ्याचे बिनरंगाचे गणपती वाळत होते. त्यांतून वाट काढत गुरुजींनी डिक्शनरी आणली.

"मूळ लॅटिन. 'दिस' म्हणजे लांब, 'मित्तेरे' म्हणजे पाठवणं. नोकरीवरून काढणं, कोर्टात दावा फेटाळणं, क्रिकेटमध्ये आउट करणं. कवायत संपली की आपण विसर्जन म्हणायचो ना, तेही हेच."

"आन् पेचकस?"

गुरुजींनी चष्मा पुसून पान पुन्हा वाचलं. "पेचकस नाही दिलेला."

"येवरी जाडी डिक्शनरी, आन् डिसमिस नाय?"

"इंग्रज त्याला डिसमिस म्हणतच नाहीत, गाढवा."

"मग चूक त्यांची हाय." काळुराम गणपतींकडे बघत म्हणाला, "गुरुजी, विसर्जन झालेला परत येतो ना?"

"गणपती येतो. तुझं तू बघ."

चौकशीच्या दिवशी मोठ्या साहेबांनी विचारलं, "साहेबांनी डिसमिस म्हटल्यावर तू काय केलंस?"

"आनून दिला. एकदा एक, मंग दोन."

"काय आणून दिलंस?"

काळुराम दोन्ही साहेबांना सरळ स्टोअरमध्ये घेऊन गेला. कपाटावर पिवळ्या रंगात कंपनीनंच लिहिलं होतं : 'डिसमिस, लहान व मोठे. काम झाल्यावर परत ठेवावे.'

मोठ्या साहेबांनी ते वाचलं. मग मॅनेजरना इंग्रजीत समजावून सांगू लागले, पण शेवटच्या वाक्याशी आले आणि हसू फुटून स्टुलावर बसले. स्टोअरकीपर गुणाजी पुढे झाला. "काम झालंय साहेब. आता ह्याला परत ठेवा."

काळुरामला परत ठेवलं.

मॅनेजर पुढे तीन वर्षं होते, पण त्यांना कुणालाच काढता आलं नाही. ते डिसमिस म्हणून ओरडले की चहूबाजूंनी पाचसहा जण पेचकस घेऊन हजर होत. सगळ्यांत पुढे काळुराम, हातभर लांबडा घेऊन.