धापा टाकणाऱ्याचं रक्त

रक्त घेणाऱ्या ताई एरवी शांत, पण त्या दिवशी तरातरा डॉक्टरांच्या खोलीत शिरल्या. कामगारांच्या तपासणीत एका हमालाच्या रक्तात पेशींतून सुटून मोकळा फिरणारा डीएनए कितीतरी पट जास्त निघाला होता. डॉक्टरांनी कर्करोगाची शंका बोलून दाखवली होती आणि त्याच्या बायकोने हंबरडा फोडला होता.

“लिफ्ट बंद म्हणून आपल्या दवाखान्याचंच कपाट नऊ मजले पाठीवर आणलं त्या हमालदादांनी,” ताई कडाडल्या. “धापा टाकत होते, तेव्हाच माझ्याऐवजी दुसऱ्या बाईने रक्त काढलं. इतकं दमल्यावर हा डीएनए वाढतोच, विश्रांतीनंतर उतरतो. एका शब्दानं विचारलंत त्यांना?”

दुसऱ्या दिवशी निवांत बसवून घेतलेलं रक्त ठणठणीत निघालं.

“चला, सुटलात!” डॉक्टर हमालाकडे बघून हसले.

“हसताय काय? यांच्या घरच्या वहिनी रात्रभर रडल्यात. माफी मागा,” ताईंनी सुनावलं.

डॉक्टरांनी मान खाली घालून मागितली.