मराठीतून कायदा

माझ्या थोरल्या मुलीने कायदा शिकावा की शिकू नये, आणि शिकायचाच तर घाटावरच्या त्या एका विद्यापीठात शिकावा की नाही, या प्रश्नाचा निकाल आमच्या घरात एका पावसाळ्यात लागला. तो माझ्या विरुद्ध गेला. त्यावर अपील नाही हे मला कळून चुकले आहे. तरीही वस्तुस्थिती कोठेतरी नोंदलेली असावी, म्हणून लिहितो.

मी अर्जनवीस आहे, लोकांचे कोर्टाचे अर्ज लिहून देतो. भिवंडीच्या कोर्टाच्या आवारात, भिंतीला लागून टाकलेल्या पत्र्याखाली माझी बैठक असते. माझे शिक्षण सातवीपर्यंत, म्हणजे त्या काळच्या फायनलपर्यंत झाले. इंग्रजी अक्षरे मी ओळखतो, दुकानाच्या पाट्या वाचू शकतो. टाइप केलेला सलग मजकूर मात्र मला उलगडत नाही. ही उणीव मी कधी लपविली नाही, आणि तिची लाजही मला फारशी वाटली नाही, कारण माझी मराठी माझ्या हाताशी होती. एका न्यायाधीशांनी माझा एक अर्ज वाचून शिरस्तेदाराला विचारले होते, "हा कोणत्या वकिलांचा मसुदा?" शिरस्तेदाराने खिडकीतून बाहेर माझ्याकडे बोट दाखविले. ही हकीकत आवारात सर्वांना ठाऊक आहे. एखाद्याला ठाऊक नसेल तर मी सांगतो.

गावात झालेल्या दंगलीला चार वर्षे झाली होती. नुकसानभरपाईच्या अर्जांचा ओघ आटला होता आणि गाव पुन्हा यंत्रमागांच्या खडखडाटात बुडून गेले होते. त्या वर्षी मुलगी मराठी विषय घेऊन बी. ए. झाली, दुसऱ्या वर्गात. घाटावरच्या एका विद्यापीठात एल्‌एल. बी. च्या उत्तरपत्रिका मराठीतून लिहिण्यास परवानगी आहे, ही बातमी मला कोर्टातल्याच एका कारकुनाने दिली. मुंबईला सारे इंग्रजीतून. तेथे माझ्या मुलीचा निभाव लागणे कठीण, हे मी जाणून होतो. परंतु मराठीतून कायदा! बातमी ऐकल्यावर मी हातातला अर्ज बाजूला ठेवला आणि समोर बसलेल्या पक्षकाराला चहा पाजला. पक्षकाराला कारण समजले नाही.

मुलीला मी ते जेवताना सांगितले. ती म्हणाली, "विचार करते, अण्णा."

तिची आई म्हणाली, "अहो, एवढी शिकली तर हिला नवरा कुठून आणायचा? हायकोर्टातून?"

विचाराला आधार हवा म्हणून मी मुलीला एका वकिलांकडे घेऊन गेलो. गेली कित्येक वर्षे मी त्यांच्याकडे पक्षकार पाठवीत आलो होतो. त्यांनी आम्हाला बसावयास सांगितले, मुलीची विचारपूस केली, आणि मी विद्यापीठाची गोष्ट काढताच खुर्चीत मागे रेलून हसले.

"मराठीतून एल्‌एल. बी.! म्हणजे अर्जनवीसच की हो. फक्त कोट काळा."

त्यांचा मुनशी हसला. वकील हसले की त्यांच्या कचेरीत हसावे लागते, तसा मीही हसलो. मुलगी हसली नाही.

तिने विचारले, "पण साहेब, कोर्टाचं काम मराठीतच चालतं ना? साक्षी मराठीत, अर्ज मराठीत."

"चालतं मराठीत, बाळ," वकील म्हणाले. "संपतं इंग्रजीत."

परत येताना बाजारापर्यंत ती माझ्यापुढे चालत राहिली. दोन्ही बाजूंना मागांचे कारखाने, बोलले तरी ऐकू येण्यासारखे नव्हते. तेथून बाहेर पडल्यावर ती थांबली आणि म्हणाली, "अण्णा, फॉर्म मागवा. त्यांचं हसणं मला आवडलं नाही."

फॉर्म टपालाने आला. त्यातला प्रत्येक रकाना मी तिच्याकडून माझ्यासमोर भरून घेतला. राहिली फक्त तिची सही, ती फोटो आल्यावर करायची होती. त्या आठवड्यात आवारात मला भेटलेल्या प्रत्येकाला ती वकील होणार हे समजले. तेथील वसतिगृहाला दोन मजले आहेत आणि दाराशी राखणदार आहे, हेही समजले. इतका आनंदी मी त्यापूर्वी किंवा त्यानंतर कधी नव्हतो.

कॉलेज संपल्यामुळे त्या दिवसांत माझा डबा तीच घेऊन येत असे. एका दुपारी ती डबा उघडत असताना जवळच्या टेमघरचा एक शेतकरी आला. त्याच्या घरामागे गुरे बांधण्याची आणि पेंढा रचण्याची जागा होती. ती आपली असल्याचे सांगून शेजाऱ्याने तेथे विटा आणून टाकल्या होत्या, मागांची शेड उभारण्यासाठी. दाव्याचा निकाल लागेपर्यंत बांधकाम करू नये असा तूर्तातूर्त मनाई हुकूम शेतकऱ्याने कोर्टाकडून मिळविला होता. त्याचा पहिला अर्ज माझ्या हातचा होता. पुढे दावा, मी मुलीला ज्यांच्याकडे नेले होते, त्याच वकिलांकडे गेला. त्या मनाईवर आता नवा हुकूम झाला होता, आणि त्याची नक्कल शेतकऱ्याच्या हातात होती. अर्थात इंग्रजीत.

"भाऊसाहेब, सायबांनी काय लिवलंय? वकिलांचं हापिस बंद हाय. लग्नाला गेलंत म्हनं गावी."

एरवी अशा वेळी मी कागद ठेवून घेतो, 'उद्या या' म्हणतो, आणि एखाद्या कारकुनाकडून अर्थ समजून घेतो. आमच्या धंद्यात सर्वच असे करतात. त्या दिवशी मी तो कागद मुलीपुढे धरला आणि शेतकऱ्याला म्हणालो, "उद्या कशाला? ही आमची वकीलच आहे."

हुकूम चार ओळींचा होता. ती ओळींखालून बोट फिरवीत मनात वाचू लागली. दोनदा वाचले. मग मान वर करून म्हणाली, "खाली करायला सांगितलंय, अण्णा."

"कोणाला?"

तिने पुन्हा पाहिले. "तसं नाव नाही लिहिलेलं. पण मनाई त्या शेजाऱ्यालाच होती ना?"

मनाई शेजाऱ्याला होती. विटा शेजाऱ्याच्या होत्या. सबब खाली करण्याचा हुकूमही शेजाऱ्यालाच. मला यात कोठे फट दिसली नाही. मी आवाज चढवून, आजूबाजूच्यांना ऐकू जाईल असे सांगितले, "जागा तुझी. विटा उचलण्याचा हुकूम झाला."

शेतकऱ्याने ती नक्कल कपाळाला लावली. मग धावत फाटकाबाहेर गेला आणि गाडीवरून कागदात बांधलेली गरम भजी घेऊन आला.

"खा, बाय. वकील झालीस का माजी मोठी केस तूच चालव."

"मी फी घेईन बरं का, काका," ती म्हणाली.

"घे ना! एक म्हस नेऊन बांध दारात."

तिचे त्या वेळचे हसणे मला अजून दिसते.

दोन दिवसांनी तो आवारात दिसला, तेव्हा त्याच्या कपाळाला पट्टी होती आणि बाजूला पोलीस शिपाई होता. घरी जाऊन त्याने भावाला बोलावले होते आणि दोघांनी मिळून शेजाऱ्याच्या विटा रस्त्यावर फेकण्यास सुरुवात केली होती. मारामारी झाली. शेजाऱ्याने फिर्याद दिली, पोलिसांनी याला उचलले, आणि हा चौकीत असताना गुरांच्या जागेत शेडचा पाया खणून झाला.

त्याचे वकील गावाहून परतले होते. ती नक्कल हातात घेऊन ते माझ्या बैठकीपाशी आले. मुलगी डबा घेऊन नुकतीच आली होती.

"अर्जनवीस, तुमच्या डेस्कावर अपील कोर्ट कधीपासून बसतं?" ते म्हणाले. या वेळी ते हसत नव्हते. "व्हेकेट! मनाई व्हेकेट झाली, हो. जागा खाली करायची नव्हती. हुकूम उठला."

येथे मला एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. व्हेकेट हा शब्द मला माहीत आहे. कोर्टाच्या व्हरांड्यात तो रोज कानांवर पडतो; स्टे व्हेकेट झाला म्हणजे मनाई उठली, हे माझ्या पत्र्याखाली चहा घेऊन येणाराही सांगेल. त्या दुपारी मुलीने तो शब्द नुसता उच्चारला असता तर मी तत्क्षणी अर्थ सांगितला असता. पण तिने तो डोळ्यांनी वाचला आणि मला त्याची मराठी सांगितली. भाडेकरूंच्या नोटिशीत तो शब्द तिने पाहिला होता, तेथे त्याचा अर्थ जागा खाली करणे असाच होतो. मला शब्द कानाने ठाऊक, तिला डोळ्याने. आणि आम्हा दोघांच्या मधल्या एवढ्याशा जागेत त्या माणसाचे कपाळ फुटले.

मुलगी उठून त्या शेतकऱ्यापाशी गेली. तिचे डोळे भरून आले.

तोच म्हणाला, "रडू नको, बाय. तुजा काय गुना न्हाय. ती भाषाच आपली न्हाय."

शिपायाने त्याला आत नेले. पुढे जामिनावर सुटल्यावर तो माझ्याकडे कधी आला नाही. समोरच्या बाजूला दुसरे अर्जनवीस बसतात, त्यांच्याकडे जाऊ लागला. माझ्यासमोरून जाताना रामराम मात्र करी.

फोटो आले. फॉर्म टेबलावर होता. शेवटची तारीख जवळ येत होती. मी एका संध्याकाळी मुलीला म्हणालो, "सही कर, म्हणजे उद्या टाकतो."

ती म्हणाली, "मी जाणार नाही, अण्णा."

मी तिला समजावून सांगितले. माझ्या सर्व शक्तीनिशी सांगितले. सरकारने मराठीला राजभाषा केले आहे. आज ना उद्या कोर्टाचे निकालही मराठीत होतील. तेव्हा मराठीतून कायदा शिकलेल्यांना मागणी येईल. एका चुकीने कोणी विद्या सोडत नाही. ती चूक तर एका शब्दाची होती.

तिने सारे ऐकून घेतले. मग म्हणाली, "मराठीतून मी पास होईन, वरच्या नंबरानेही होईन. मग इथे येऊन उभी राहीन, आणि निकाल दुसऱ्या कोणाकडून तरी वाचून घेईन."

"पाच वर्षांत कोर्ट मराठी होईल."

"आणि त्या पाच वर्षांत माझ्याकडे जे येतील ते?"

मी फॉर्म बाजूला सारला. मी म्हणालो, "मग मुंबईला जा. इंग्रजीतून कर."

"ते मला जमतं की नाही, ते तुम्ही पाहिलंत की."

तिची आई आतून म्हणाली, "पुरे झालं आता. पोरीला छळू नका."

मी छळत नव्हतो. दोन दारे होती, आणि दोन्ही तिच्या तोंडावर बंद होत असलेली मी पाहत होतो. मराठीतल्या दारातून आत गेली तर ती माझ्याइतकीच पुढे जाणार, हे तिला दिसले होते. तिने तसे म्हटले नाही. म्हटले असते तर बरे झाले असते. मला निदान रागावता आले असते.

शेवटच्या तारखेला मी कोर्टात गेलो नाही. पोस्ट बंद होईपर्यंत ती सही करील अशी मला आशा होती. तिने सकाळी धुणे वाळत घातले, पाऊस आल्यावर आत घेतले, दुपारी आईबरोबर तांदूळ निवडले. पोस्टाची वेळ टळली तेव्हा ती धाकट्या भावाचा अभ्यास घेत होती. रात्री मी तो फॉर्म पेटीत ठेवण्यास गेलो तर माझ्या लक्षात आले, की वडिलांच्या धंद्याच्या रकान्यात तिने 'अर्जनवीस' असे न लिहिता 'कायदेविषयक लेखन' असे लिहिले होते. भरताना ती माझ्यासमोरच बसली होती, तरी माझ्या ते ध्यानात आले नव्हते.

दिवाळीनंतर कल्याणचे एक स्थळ आले. मुलगा सरकारी नोकरीत, घरचे लोक सभ्य. मुलाचे वडील निवृत्त शिक्षक होते. त्यांनी माझ्या हस्ताक्षराची तारीफ केली, मुलीच्या बी. ए. बद्दल समाधान व्यक्त केले, आणि मग घसा साफ करून म्हणाले, "एक विचारू का, राग मानू नका. मुलीला वकिलीला घालणार होतात, असं कोणीतरी म्हणत होतं. तसलं काही अजून मनात नाही ना?"

दाराच्या पडद्याआड ती चहाचे कप भरीत होती. कपांचा आवाज थांबला.

"छे," मी म्हणालो. "तसं काही कधी नव्हतंच."

पुन्हा कपांचा आवाज सुरू झाला. थोड्या वेळाने ती बाहेर आली, आणि तिने पहिला कप त्यांच्यापुढे ठेवला.